आईचं ग्रीन कार्ड आणि १८० दिवसांचा हिशेब

रानजाई
थेट मुद्द्यावर येते. मी सिटिझन झाल्यावर आईला स्पॉन्सर केलं, तिला ग्रीन कार्ड मिळालं. आम्ही न्यू जर्सीत. ती ९ जानेवारीला पुण्याला गेली, २८ मेचं परतीचं तिकीट होतं. २० मेला गच्चीवर कुरडया वाळत घालायला चढली आणि उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या चुकल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालते. डॉक्टर म्हणतात, ऑगस्ट संपेपर्यंत एवढ्या लांबच्या विमानप्रवासाचं नाव काढू नका.

८ जुलैला तिला अमेरिकेबाहेर १८० दिवस भरतात. मामेभाऊ म्हणतो, १८१व्या दिवशी कार्ड रद्द. नणंद म्हणते, काही होत नाही, तिच्या सासूबाई आठ महिन्यांनी आल्या होत्या. एक मैत्रीण म्हणते, व्हीलचेअरवर बसवून आठवडाभरासाठी आण आणि शिक्का मारून परत पाठव. तीन माणसं, तीन कायदे. खरं काय आहे?

कडीपत्ता
सांधायचंय ते हाड की पासपोर्ट? कृपा करून आईंना आणू नका.

बे_एरियातला_तात्या
मामेभावाचं अर्धंच बरोबर. १८० दिवस उलटले की कार्ड आपोआप रद्द होत नाही. होतं एवढंच, की तोवर कायदा तुम्हाला घरी परतलेलं माणूस समजत असतो. १८० दिवसांनंतर नव्याने प्रवेश मागणारं माणूस समजू शकतो. म्हणजे काउंटरवरच्या अधिकाऱ्याला जास्त खोदून विचारायला मोकळीक मिळते.

खरी भिंत एक वर्षाची. वर्ष भरलं की नुसतं कार्ड परतीचा कागद म्हणून चालत नाही. तुमच्या आई ऑगस्टअखेर आल्या तर साडेसात महिने होतील. चालून जाईल, पण कागद बरोबर हवेत: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची बिलं, डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे २८ मेचं रद्द केलेलं तिकीट. परतायचं आधीच ठरलेलं होतं, हे त्या एका ईमेलवरून कळतं. ती ईमेल डिलीट करू नका.

पाऊलवाट
एवढी धाकधूक कशाला? री-एंट्री परमिट, म्हणजे परत यायची आगाऊ परवानगी, काढून टाका. दोन वर्षं निवांत.

बे_एरियातला_तात्या
@पाऊलवाट, आता नाही निघत. त्याचा आय-१३१ फॉर्म भरताना माणूस अमेरिकेत हजर असावा लागतो, पुण्यात बसून जमत नाही. त्यानंतर बोटांच्या ठशांसाठीही इकडेच बोलावतात. ते झाल्यावर खुशाल जा. परमिट मुंबईच्या वकिलातीत पाठवा, असं अर्जातच लिहिता येतं.

शेंगदाणा
सासूबाईंना री-एंट्री परमिट द्यायचं की नाही हे आमच्याकडे बायको ठरवते. (दिवा घ्या.)

बोरकूट
आमच्या घरची गोष्ट सांगतो, कारण खरी गंमत कागदांच्या पुढे आहे. सासरे सात महिन्यांनी परत आले. फाईल अशी जाडजूड, मी स्वतः लावलेली, रंगीत टॅब वगैरे. अधिकाऱ्याने फाईलला हातही लावला नाही. एकच प्रश्न: कुठे राहता?

सासरे आयुष्यभर शाळामास्तर. खोटं बोलायची सवय नाही आणि प्रश्नाला पूर्ण वाक्यात उत्तर द्यायची सवय आहे. म्हणाले, "आय लिव्ह इन नाशिक. आय हॅव कम टू व्हिजिट माय सन."

तिथून दुसऱ्या खोलीत. अडीच तास. मुलगा बाहेर पार्किंगचे पैसे भरतोय, आत सासरे समजावून सांगताहेत की व्हिजिट म्हणजे तसं व्हिजिट नाही. शेवटी सोडलं, पण तंबी देऊन. घरी आल्यावर आम्ही विचारलं, असं का बोललात? तर म्हणाले, "मग काय चूक बोललो?"

यावर आजतागायत आमच्याकडे उत्तर नाही.

कडीपत्ता
@बोरकूट, शेवटचं वाक्य काळजाला लागलं.

मेतकूटभात
आमच्या आईला आम्ही वाक्य पाठ करून घेतलं होतं: "आय लिव्ह हिअर विथ माय डॉटर." अधिकाऱ्याने विचारलं, बॅगेत काय आहे? आई म्हणाली, "आय लिव्ह हिअर विथ माय डॉटर." तो हसला आणि शिक्का मारला. मेतकूट, गोडा मसाला, दोन किलो पोहे, सगळं सुखरूप.

जुनं_खोड
मी वकील नाही, पण एका इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात वीस वर्षं फायली लावल्या. तात्यांनी सांगितलेले आकडे बरोबर आहेत. पण हा सगळा धागा आकड्यांभोवती फिरतोय आणि कायदा तसा फिरत नाही.

ग्रीन कार्डाचं नावच 'कायम वास्तव्य'. कायदा बघतो की तुम्ही बाहेर गेलात ते तात्पुरते की नाही. १९८६ सालच्या चावेझ-रामिरेझ खटल्यात फेडरल अपील कोर्टाने 'तात्पुरतं' म्हणजे काय ते सांगितलं: एक तर मुक्काम थोडक्या मुदतीचा ठरलेला असावा, नाहीतर तो अशा एखाद्या घटनेपाशी संपणारा असावा जी लवकरच घडण्याची वाजवी शक्यता आहे. हाड जुळणं ही अशी घटना. मुलीचं लग्न उरकणं, फ्लॅट विकणं, हीसुद्धा. 'बरं वाटतंय तोवर राहीन' ही नाही. नुसती परतायची इच्छा मनात असून भागत नाही.

म्हणून दर पाच महिने २९ दिवसांनी विमानात बसून इकडे येऊन तोंड दाखवणाऱ्याचंही कार्ड जाऊ शकतं, आणि आजारपणात नऊ महिने अडकलेल्याचं टिकू शकतं.

रानजाई, एक विचारते, राग मानू नका. कार्ड मिळाल्यापासून आई इकडे एकूण किती राहिल्या?

पॉपकॉर्न_पिशवी
आता खरा धागा सुरू झाला. बसलोय.

रानजाई
@जुनं_खोड, हा प्रश्न कुणी विचारू नये असं वाटत होतं. कार्ड मिळून अडीच वर्षं झाली. काल पासपोर्टचे शिक्के घेऊन बसले. इकडे एकूण अकरा महिने. तेही तीन तुकड्यांत.

थंडीत तिला इथे नको असतं. बर्फ पडला की खिडकीशी बसून राहते. पुण्यात भिशी आहे, सकाळी टेकडी आहे, वरच्या मजल्यावरच्या काकू आहेत. आम्ही दोघं नऊ ते सहा कामावर. तिला गाडी येत नाही. मी हे लिहितेय आणि मलाच कळतंय की कार्डाचा आग्रह कुणाचा आहे.

तर्कटी
कुणीतरी कडू बोलायला हवं, म्हणून मी बोलतो. ग्रीन कार्ड म्हणजे रांग टाळायचा टुरिस्ट व्हिसा नव्हे. आपले लोक आईवडिलांना कार्ड देतात, आठ महिने पुण्यात ठेवतात आणि विमानतळावर प्रश्न विचारले की अन्याय झाला म्हणून गळा काढतात. राहायचंच नसेल तर कार्ड परत करावं आणि दहा वर्षांचा बी-२, म्हणजे टुरिस्ट व्हिसा, घ्यावा. बहुधा एका वेळी सहा महिने देतात. पुष्कळ झाले.

कडीपत्ता
@तर्कटी, एकटी आई सत्तरीत पडते तेव्हा 'रांग टाळणं' हा शब्द सुचत नाही हो. बी-२ ची मुलाखत, मग तारीख मिळेपर्यंत वाट, आणि आली तरी सहा महिन्यांनी पाठवणी. उद्या तिला कायमचं इकडे आणायची वेळ आली तर? कार्ड त्या दिवसासाठी ठेवतात लोक.

तर्कटी
तेच म्हणतोय. 'उद्यासाठी ठेवणं' हे कायद्यात बसत नाही.

जुनं_खोड
दोघंही बरोबर आहात, म्हणून तर वकिलांची घरं चालतात.

एक मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. २०२५च्या मार्चमध्ये बातम्या आल्या होत्या की भारतातून परतणाऱ्या वयस्कर कार्डधारकांवर विमानतळावर आय-४०७ वर सही करायला दबाव येतो. आय-४०७ म्हणजे 'मी स्वखुशीने कार्ड सोडतो' असं लिहून देणं. सही करायची सक्ती नाही. नकार द्यायचा आणि इमिग्रेशन जजपुढे सुनावणी मागायची. तिथे कार्ड सोडल्याचं सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो, आणि कसोटीही कडक असते. अधिकारी कार्ड ठेवून घेऊ शकतो, पण मग त्याने तुमचा दर्जा दाखवणारा दुसरा पुरावा द्यायचा असतो. आईवडिलांना इंग्रजी नीट येत नसेल तर दुभाषी मागायला शिकवा. न कळलेल्या कागदावर सही नाही, हे सातबाऱ्याला लागू तसंच इथेही.

आकडेमोड
टॅक्सवाल्याचा शिरकाव. कार्ड असेल तर अमेरिकेच्या दृष्टीने सगळ्या जगातलं उत्पन्न दाखवायचं. म्हणजे पुण्यातलं पेन्शन, एफडीचं व्याज, फ्लॅटचं भाडंही. आणि भारतातल्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, वेगळा. 'आई पुण्यात असते, तिचं कसलं रिटर्न' म्हणणारे, किंवा थोडा कर वाचवायला १०४०-एनआर, म्हणजे अनिवासी म्हणून रिटर्न भरणारे, स्वतःच्या हाताने लिहून देतात की आम्ही इथे राहत नाही. जपून.

रानजाई
@आकडेमोड, एफडी. अरे देवा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

आकडेमोड
करा. जुलैत करा, एप्रिलमध्ये मी जिवंत नसतो.

मु_पो_टोरांटो
आमच्याकडे या बाबतीत गंगेत घोडं न्हायलंय. कॅनडात पाच वर्षांत ७३० दिवस, बास. सलग हवेत असंही नाही, तुकड्यातुकड्यांनी चालतात. कॅनेडियन नागरिक असलेल्या नवऱ्याबरोबर किंवा बायकोबरोबर परदेशात राहिलात तर तेही दिवस धरतात. म्हातारा बाप मात्र नागरिक मुलाबरोबर राहिला तर धरत नाहीत. कार्डाची मुदत भारतात असताना संपली तर विमानात चढायला वेगळा प्रवासाचा कागद काढावा लागतो. काकांनी ते टाळायला अमेरिकेत उतरून भावाच्या गाडीतून नायगारा ओलांडला. खासगी गाडीने आलात तर तो कागद लागत नाही. धबधबा बघून झाला हा वरचा फायदा.

टेम्सकाठची
यूकेत आयएलआर (कायम राहायची परवानगी) असेल तर सलग दोन वर्षं बाहेर राहिलात की संपलं, मग रिटर्निंग रेसिडेंटचा अर्ज. युरोपियन युनियनवाल्यांच्या सेटल्ड स्टेटसला पाच वर्षं मिळतात. आम्ही काय घोडं मारलं होतं कुणास ठाऊक.

सिडनीचा_बाब्या
इकडे पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा दर्जा, स्वतः संपत नाही, पण त्यावरची ये-जा करायची मुभा पाच वर्षांची. मग रिझिडंट रिटर्न व्हिसा, क्रमांक १५५. पाचांतली दोन वर्षं इथे काढली असतील तर आणखी पाच मिळतात.

कऱ्हाडकर_टेक्सास
मुलाच्या वेळचा एक नियम कुणाला उपयोगी पडेल. बायको कार्डवर, बाळंतपणाला माहेरी कऱ्हाडला गेली. बाळ तिथे जन्मलं. आम्ही घाबरलो की आता बाळासाठी वेगळं प्रकरण, वर्षं जाणार. पण आई तात्पुरती बाहेर असताना बाळ झालं, बाळ दोन वर्षांच्या आतलं आहे आणि आईच्या पहिल्याच परतीच्या वेळी बरोबर येतंय, तर बाळाला व्हिसा लागत नाही. जन्मदाखला आणि बाळाचा भारतीय पासपोर्ट घेऊन आलो. विमान कंपनीच्या काउंटरवरच्या मुलाने हा नियम कधी ऐकला नव्हता. चाळीस मिनिटं फोनाफोनी. बाळ आरामात झोपलेलं.

बोरकूट
आमच्या सासऱ्यांना सांगितलं, एकदाचं सिटिझन व्हा, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) घ्या आणि नाशकात हवे तेवढे राहा, मोजणीच संपली. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "जमीन राहील का?"

कऱ्हाडकर_टेक्सास
रास्त प्रश्न. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित वारशाने आलेली मात्र ठेवता येते. आमच्या आबांचं ग्रीन कार्डापायी काही अडलं नाही, कारण कार्ड असलं तरी ते भारताचेच नागरिक आणि राहणंही तिकडेच (परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही शेतजमीन विकत घेता येत नाही). नागरिकत्व सोडल्यावर मात्र बांधालगतचा तुकडा विकायला निघाला की बघत बसायचं.

शेंगदाणा
बांधालगतचा तुकडा! त्याच्यासाठी लोकांनी भाऊ सोडलेत, पासपोर्ट काय चीज आहे.

पॉपकॉर्न_पिशवी
धागा न्यू जर्सीहून निघून नायगारामार्गे तलाठ्याकडे पोचला आहे. प्रवाशांनी नोंद घ्यावी.

नागमोडी
सिटिझनशिपवरून आठवलं: त्याचा हिशेब वेगळा, लोक दोन्हींची खिचडी करतात. नागरिकत्वासाठी पाच वर्षांत निम्मे, म्हणजे ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत हवेत. शिवाय एका फेरीत सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात तर सलग वास्तव्य मोडलं असं गृहीत धरतात. पुरावा देऊन ते खोडता येतं. वर्षभर बाहेर राहिलात तर मोडलंच. री-एंट्री परमिट असलं तरी मोडतं, कारण ते फक्त परत यायला उपयोगी. रानजाई, तुमच्या आईंचे अडीच वर्षांत अकरा महिने, म्हणजे तो रस्ता सध्या लांबच आहे.

पण कार्ड मिळून १५ वर्षं आणि वय ५५ च्या पुढे असेल तर इंग्रजीची परीक्षा माफ. नागरिकशास्त्राची परीक्षा दुभाष्यामार्फत आपल्या भाषेत देता येते. माझ्या आत्याने सिनेटर किती, हे मराठीत सांगितलं.

नवखा_नाविक
आणि कुणी वर्षाच्या पुढे अडकलंच तर? आमचे बाबा २०२० मध्ये कोल्हापुरात होते. २३ मार्चला भारताने नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली, ती २७ मार्च २०२२ ला सुरू झाली. वर्ष कधी उलटलं कळलं नाही. मग एसबी-१, म्हणजे परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा. डीएस-११७ फॉर्म, मुलाखत. तिथे विचारलं, मधल्या काळात खास विमानं सुरू होती, त्यांनी का नाही गेलात? बाबांना त्याच महिन्यांत स्टेंट घातला होता, त्याचे कागद होते म्हणून निभावलं. 'कोविड होता' एवढं उत्तर पुरलं नसतं. उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे दाखवावं लागतं.

रानजाई
सगळ्यांचे आभार. ठरलं ते सांगते. तिला जुलैत आणत नाही. डॉक्टरांकडून पत्र घेतलं, त्यात पडल्याची तारीख, ऑपरेशन आणि 'प्रवास करू नये' असं स्पष्ट लिहून घेतलं. मामेभावाला या धाग्याची लिंक पाठवली. त्याने अंगठा दाखवला, कुठला ते कळलं नाही.

रविवारी आईशी बोलले. मी म्हटलं, तुला हे कार्ड हवंय का, नीट सांग. ती म्हणाली, "तुझ्या बाबांच्या वेळी तू तीन दिवसांनी पोचलीस. तसं माझं व्हायला नको, म्हणून मी हो म्हटलं होतं." मग म्हणाली, वॉकरची रबरं झिजलीत, नवी कुठे मिळतात बघ.

कडीपत्ता
...

जुनं_खोड
आल्या की लगेच परत पाठवायची घाई करू नका. थोडं राहू द्या. स्टेट आयडी, बँकेचं खातं, डॉक्टर, जे खरं आहे ते कागदावर असू द्या. पुढे पुन्हा लांबचा मुक्काम ठरत असेल तर आधी परमिट भरा. आणि नाहीच राहायचं असं ठरलं तर कार्ड आपण होऊन परत करण्यात कमीपणा नाही. वादावादी न होता सोडलेलं कार्ड पुढे व्हिसा मागताना आड येत नाही, निदान आमच्या ऑफिसच्या अनुभवात.

रानजाई
अपडेट (नोव्हेंबर).

आई २९ ऑगस्टला आली. व्हीलचेअरवाला मुलगा तिला थेट दुसऱ्या खोलीत घेऊन गेला. तासभर मी बाहेर. आत फोनवर दुभाषी होती, हिंदीतली, कारण मराठीतली मिळाली नाही. अधिकाऱ्याने डॉक्टरांचं पत्र वाचलं, जुनं तिकीट बघितलं आणि विचारलं, कशा पडलात? आईने कुरडईपासून सुरुवात केली. दुभाषीला कुरडई माहीत नव्हती. गव्हाचा चीक कसा काढतात हे तिने हिंदीत समजावलं म्हणे, आणि ते दुभाषीने इंग्रजीत सांगितलं. त्यानंतर अधिकारी म्हणाला, एवढं बाहेर राहत जाऊ नका, आणि सोडलं.

@बोरकूट, 'कुठे राहता' विचारलंच. ती म्हणाली, "दोन्हीकडे. पण हाड मोडलं तेव्हा इकडचं तिकीट काढलेलं होतं."

पुढचं असं: आय-१३१ भरला आहे. दोन वर्षांचं परमिट मिळालं तर तेवढ्यात ठरवू, इकडे की तिकडे. तिकडे ठरलं तर आय-४०७ आम्हीच पाठवू आणि बी-२ ला अर्ज करू. तर्कटींना सांगायला हरकत नाही.

परवा ठशांची तारीख होती. आईचे ठसे उमटेनात. तिथली बाई ओल्या टिश्यूने बोटं पुसतेय, दाबतेय, पुन्हा स्क्रीन लाल. चाळीस वर्षं भाकऱ्या थापल्यात, रेषा राहिल्यात कुठे, असं आई मला मराठीत म्हणाली. उजव्या हाताचा अंगठा पाचव्यांदा घेतला तेव्हा हिरवं झालं.

मेतकूटभात
कुरडया आल्या का पण?

रानजाई
आल्या. अर्ध्या मोडल्यात.